सुनेच्या स्टुडिओत माझी पेटी

सन २०२३, आणि माझं वय एकाहत्तर. त्या उन्हाळ्यात लातूरच्या आमच्या घरातल्या आतल्या खोलीतून ज्वारीच्या कोठ्या बाहेर निघाल्या आणि सुनेचा स्टुडिओ आत गेला. भिंतींना तिनं गोधड्या ठोकल्या. माझ्या बायकोनं शिवलेल्या!

मी म्हणालो, "गोधडी अंगावर घ्यायची असते का भिंतीवर?"

"भिंतीला पण थंडी वाजते मामा."

लातुरात, मे महिन्यात! पुढं कळलं की गोधडीमुळं आवाज भिंतीवर आपटून माघारी फिरत न्हाई, जागीच जिरतो. हे तिला कुणी शिकवलं न्हाई. रात्रंदिवस फोनमध्ये डोकं घालून स्वतःच शिकली.

टेबलावर कॉम्प्युटर, एक माइक आणि काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची एक पाटी. तिला भाता न्हाई, पोटात काही न्हाई, उचलली तर सुपाएवढी हलकी. माझी शाळा चौथीपर्यंत. पण चाळीस वर्षं गावच्या भजनात पेटी वाजवली, अहमदपूर तालुक्यात कुठंही सप्ता बसला की मला सांगावा यायचा. सुरात मला चूक म्हणायची कुणाची टाप नव्हती. ही पाटी मला काय शिकवणार, म्हणून बसलो. उजव्या हाताची बोटं पट्ट्यांवर, आणि डावा हात आपसूक मागं गेला, भाता हुडकायला. सून हसली. मी तो हात मांडीखाली दाबला, तरी तो वळवळून राहिला होता.

मी वाजवलं तसतशा पडद्यावर रेघा उमटल्या. लांब सुराची लांब रेघ, तुटक सुराची तुटक. मग तिनं एक बटन दाबलं आणि माझीच चाल सनईतून निघाली. पुन्हा दाबलं, बासरीतून.

"हे आवाज धरतच न्हाई मामा," ती म्हणाली. "कोणतं बोट कवा पडलं, किती जोरानं पडलं, कवा उचललं, एवढंच ध्यानात ठेवतं. आवाज आपण मागून द्यायचा. ह्याला मिडी म्हणतात."

माझ्या बोटांची एवढी याद तर मला शिकवणाऱ्या बुवांनीसुद्धा ठेवली नव्हती.

सुनेनं ह्या कामासाठी खासगी शाळेतली नोकरी सोडली होती. माझा पोरगा जेवताना रोज टोमणा मारायचा, "लोकं फोनवर फुकट गाणी ऐकून राहिले, तुला कोण विचारतंय?" ती भाजी वाढत राहायची. मग अर्धापूरहून पहिलं काम आलं. केळीच्या बागा असलेलं घर, मुलीचं लग्न. हल्ली नवरा-नवरीची अन् दोन्ही घरांची नावं गुंफून, नव्या चालीत मंगलाष्टका रेकॉर्ड करून घेतात अन् मांडवात लावतात. त्यांची अट एकच, नवरीच्या आजोबांना खरी पेटी पाहिजे. यंत्रातली पेटी त्यांच्या कानाला लगेच कळते.

सुनेनं फोनवर सांगून टाकलं, "पेटी घरचीच हाय, वाजवणारे पण घरचेच." फोन ठेवून माझ्याकडं बघितलं. "मामा, हे काम जमलं तर आणखी चार येतील. न्हाई जमलं तर मी परत शाळेत."

दोन दिवसांत तिनं त्या पाटीवरून सनई केली, तबला केला, संबळ केला, वर स्वतः आठही कडवी गायली. संबळाला मी नाक मुरडलं, "गोंधळ्याचा हात वेगळा असतो." तिनं लगेच रेघा मागं-पुढं सरकवल्या, काही फिक्या केल्या, आणि खरंच कुणी माणूस वाजवत असल्यासारखं झालं. एवढी चिकाटी मी चांगल्या चांगल्या वादकांत बघितली न्हाई.

तिसऱ्या दिवशी सकाळी माझी पाळी. पंखा बंद, कारण माइक पंख्याची घरघर पण धरतो. घाम पेटीवर टपकत होता. शेजारच्या कुकरची शिट्टी झाली, थांबलो. मग गल्लीत भंगारवाला आला, त्याच्या भोंग्यासकट. मी बनियनवरच बाहेर गेलो आणि म्हणालो, "आरं बाबा, आत मंगलाष्टका चालू हायत." तो बिचारा कावराबावरा झाला. "लग्न हाय का? मांडव कुठाय?" गेला मात्र भोंगा बंद करून.

वाजवून झालं. सुनेनं माझी पेटी तिच्या गाण्यासंगं लावली, आणि मी कानांवर हात ठेवले. दोन्ही सूर एकमेकांना खेटून थरथरत होते. सनई वर, पेटी केसभर खाली.

"तुझं यंत्र चढलंय," मी म्हणालो.

तिनं फोनवर सूर मोजायचा काटा काढून माझ्यापुढं धरला. मी पट्टी दाबली की काटा डावीकडं. दुसरी दाबली, तिथंही तेवढाच डावीकडं.

"सगळ्या पट्ट्या सारख्याच खाली हायत मामा."

"मग काटा खोटा हाय. ह्या पेटीवर चाळीस वर्षं लोकं गायले. एकालाही ती खाली वाटली न्हाई."

पोरगा दारात उभा होता. म्हणाला, "बाबा, तिचं काम जाईल. यंत्रातलीच पेटी टाकू द्या की, त्या अर्धापूरच्या म्हाताऱ्याला काय कळतंय!"

"म्हाताऱ्यालाच कळतंय," मी म्हणालो, आणि ओसरीवर जाऊन बसलो. जेवायलाही उठलो न्हाई.

सुनेनं दार लावून घेतलं. दुपारभर आतून तिचाच गळा ऐकू येत होता, तीच कडवी, पहिल्यापासून. उन्हं कलली तेव्हा दार उघडलं, तोंड लालबुंद, पदर घामानं चिंब.

"या मामा. आता वाजवा."

वाजवलं. पेटी गाण्यात अशी मिसळली की कुठं सुरू झाली ते मलाच कळेना. मी छाती फुगवून म्हणालो, "बघ, सुधारलं का न्हाई तुझं यंत्र?"

"हाव, सुधारलं," ती म्हणाली आणि स्वयंपाकघरात जाऊन गरम पाणी पिऊ लागली. आवाज पार बसला होता. तेव्हा मला शंका आली. विचारलं, तर म्हणाली, "वाद्यांचं सोपं असतं मामा. ती मिडीत हायत, एक आकडा बदलला की सगळी मिळून तुमच्या पेटीएवढी खाली आली. माझ्या गळ्याला आकडा न्हाई. तसा गळा पण यंत्रानं ओढता येतो. पण ओढलेला गळा त्या आजोबांना कळला असता."

म्हणजे अख्खं गाणं माझ्या पेटीसाठी खाली उतरलं, आणि तिनं आठ कडवी नव्यानं गायली. मला चूक न म्हणता. मी आयुष्यात लई गवई बघितले, पेटीवाल्याला सगळ्यांसमोर झापणारे. त्याच्यासाठी स्वतः खाली उतरणारा एकही बघितला न्हाई.

संध्याकाळी गाणं अर्धापूरला गेलं. जेवणं होईपर्यंत फोन आला. सुनेनं फोनचा आवाज मोठा केला. नवरीचा बाप म्हणाला, "आमच्या वडलांनी दोनदा ऐकलं, ताई. म्हणाले, पेटी खरी हाय अन् वाजवणारा जुना हाय. आता हळदीचं गाणं पण तुम्हीच करा. आमची बहीण गाणार हाय, तिचा आवाज इकडूनच भरून पाठवतो." पोरगा भाकरी मोडता मोडता थांबला. पहिल्यांदाच त्यानं बायकोच्या ताटात स्वतः वाढलं.

फोन ठेवल्यावर सून म्हणाली, "ते पण तुमच्या पेटीवरच बसवू मामा. त्या ताईंना आधी खालचा सूर पाठवते, त्यावर गातील."

ते मला खुपलं. सून घरची होती, म्हणून खाली उतरली. परक्या बाईनं माझ्यासाठी का उतरावं? आणि प्रत्येक गाण्यात तिनं लोकांना काय सांगायचं, आमचे मामा ऐकत न्हाईत म्हणून?

दुसऱ्या दिवशी सकाळी, घर उठायच्या आत, मी पेटी धोतरात गुंडाळून नांदेडची एसटी धरली. नांदेडात पेटी दुरुस्त करणारा माझ्याच वयाचा कारागीर आहे. त्यानं झाकण उघडून विचारलं, "बिघडली का?"

"बिघडली न्हाई," मी म्हणालो. "घरात दुसरं वाद्य आलंय. त्याच्याएवढी वर घे."

त्यानं कानस काढली आणि सुरांच्या पितळी पात्या एकेक करून घासायला घेतल्या. मी शेवटच्या पट्टीपर्यंत त्याच्या समोर बसून राहिलो.