बाईंसाठी सोडलेला मासा

तांडेलबाई नसत्या तर मी मुरुडच्या पुढे गेलो नसतो. दहावीत त्यांनी रोज संध्याकाळी घरी बसवून माझ्याकडून गणितं करून घेतली आणि उठताना बांगड्याचं कालवण-भात वाढला. आमच्या घरातला पहिला पदवीधर त्या स्वयंपाकघरात घडला.

२०२१च्या जूनमध्ये आयर्लंडमधल्या माझ्या नोकरीच्या गावाहून, लिमरिकहून मी डब्लिनची गाडी पकडली, तेव्हा बाई कोरोनामुळे अलिबागला ऑक्सिजनवर होत्या. मी नवस बोललो होतो, त्या घरी येईपर्यंत मासा खाणार नाही. आणि निमंत्रण नेमकं माशांचं! माझी वरिष्ठ ओर्ला हिला मी वर्षभर फक्त पडद्यावर पाहिलं होतं. "होथला नॉर्डिक पद्धतीचं नवं हॉटेल आहे, येच," असं ती म्हणाली. नाही म्हणायला जीभ वळली नाही.

होथ म्हणजे डब्लिनजवळचं मासेमारी बंदर. गाडीतून उतरताच मुरुडच्या धक्क्याचा वास आला. आत बसायला अजून बंदी होती; टेबलं बाहेर मांडवाखाली, प्रत्येक खुर्चीवर जाड लोकरी पांघरूण.

"काही ॲलर्जी?" वाढणाऱ्या नीव्हने विचारलं.

नवस कसा समजावणार? "माशांची," मी म्हणालो.

"मग इथे कशाला आलास, वेड्या?" ओर्ला ओरडली.

नीव्ह मात्र गंभीर झाली. माझे काटे-चमचे बदलले. शेफ स्वतः बाहेर येऊन म्हणाला, "तुमचा तवा वेगळा ठेवलाय." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ओर्लापुढे बर्फावरची कोळंबी, माझ्यापुढे धुरावलेलं बीट आणि काळा पाव.

तेवढ्यात बाईंच्या मुलाचा, नितीनचा निरोप आला: 'आई घरी आली. जिना स्वतः चढली.'

माझे डोळे भरून आले. ओर्ला घाबरली. "वाईट बातमी?"

"नाही. आता मला मासा चालेल."

"मुळीच नाही," नीव्ह म्हणाली. "शेफ मलाच तळेल."

मग सगळं सांगावंच लागलं. ऐकून नीव्ह हसली. "आधी सांगायचं ना! माझ्या परीक्षेसाठी आजी चहा सोडायची. मी नापास झाले, तर आईने आजीलाच विचारलं, चोरून प्यायलीस का? ग्रँड (म्हणजे ठीक आहे), बघते."

ती स्वयंपाकघरात गेली आणि आत हशा पिकला. शेफने बांगडाच पाठवला, बोटभर तुकडा, वर आंबट हिरवी फळं. मी हाताने खाल्ला. ओर्लानेही काटा बाजूला ठेवला.

परतीच्या गाडीत कितीतरी दिवसांनी गाढ झोपलो. दुसऱ्या दिवशी पत्र टाकलं:

'ती. बाईंना साष्टांग नमस्कार.
तुम्ही घरी येईपर्यंत मासा सोडला होता; काल बांगडा खाल्ला. मीठ बेताचं, तिखट नाहीच. नवसाने गणितं सुटत नाहीत, हे तुम्हीच शिकवलंत. पण इतक्या लांबून मला दुसरं काही करता येत नव्हतं. राग आला असेल, तर फोनवर भरपूर रागवा. तुमचा आवाज ऐकायचा आहे.
तुमचा, सचिन'