निवडून आलेली केसरमावशी

केसरमावशी पहिल्यांदा भेटली ती माझ्याशी भांडायला. तेलगावच्या पुढे असलेल्या त्या खेड्यात माझी शिक्षिका म्हणून नुकतीच बदली झाली होती. मतदार यादीचं काम ओघानंच गळ्यात आलं होतं. एका दुपारी शाळेच्या व्हरांड्यात आठ-नऊ बाया येऊन उभ्या राहिल्या. पुढे उंच, सडसडीत, पन्नाशीची एक बाई. तिनं यादीची झेरॉक्स माझ्या टेबलावर ठेवली आणि एका ओळीवर बोट टेकवलं.

"म्याडम, माज्या नावाम्होरं काय लिव्हलंय?"

"स्थलांतरित. म्हणजे गाव सोडून गेलेले."

"आमी गाव कवा सोडलं? ऊस तोडायला गेलतो. दिवाळी झाली की जातो, पाडव्याला येतो. दाराला कुलूप होतं न्हवं? ज्याला परत यायचंच न्हाई, त्यो कुलूप कावून लावील?"

ऐन हंगामात मी एका दुपारी त्या वस्तीवर जाऊन आले होते. ओळीनं बंद दारं पाहिली आणि प्रत्येकापुढे तोच एक शब्द लिहीत गेले. मावशीनं माझा चेहरा वाचला असावा. ती खाली बसली, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "जाऊ द्या. आता नवे फारम काढा. मी नावं सांगते, तुमी लिव्हा."

तेव्हापासून हे काम आम्ही दोघींनी केलं. त्याबद्दल तिला कुणी काही देत नव्हतं आणि तिनं कधी मागितलंही नाही. चौथी शिकलेली, नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही. पण वस्तीतल्या कोणाचं वय भरलं, कोण कुठं नांदायला गेली, सगळं तिला तोंडपाठ. वस्तीत नवी सून आली की हळद उतरायच्या आत मावशी दारात हजर. "पोरी, माहेरच्या यादीतलं नाव काढून आणलंस का? न्हाईतर ना तू तिकडची, ना हिकडची." धोंडाबाईची सून मनीषा आली, तेव्हा ती पोर घाबरून आत पळाली होती. धोंडाबाई हसून म्हणाली, "आगं भिऊ नको, ती केसर हाय. तिला यादीचं याड हाय." धोंडाबाई आणि मावशी वीस वर्षं एकाच टोळीत, शेजारच्या सरीत ऊस तोडत आलेल्या. दोघींचं एकमेकींवाचून पान हलत नसे.

मग काही वर्षांनी ग्रामपंचायतीची निवडणूक लागली. सरपंचपद महिलेला सुटलं होतं. गावातल्या मोठ्या शेतकऱ्यांची मारुतीच्या पारावर बैठक झाली आणि बापूंची सून बिनविरोध करायची असं ठरलं. बापू म्हणजे गावचे सर्वांत मोठे बागायतदार. त्यांच्या शब्दाबाहेर कोणी जात नसे. दुसऱ्या दिवशी केसरमावशीनं तहसिलीत जाऊन अर्ज भरला.

बापू स्वतः तिच्या दारात आले. मी तेव्हा तिथंच होते.

"केसर, कावून हट्ट करतीस? गावात तंटा नको. तुला काय पायजे ते बोल."

"बापू, बसा. च्या घ्या," मावशी म्हणाली. "इतक्या वर्सांत तुमी पैल्यांदा आमच्या वस्तीवर आलाव. बिनविरोध झालं आसतं तर आला आसताव का? मला दुसरं काय नको. मत मागायला तरी लोकांनी आमच्या दारात यावं."

बापूंनी चहा घेतला नाही.

तिला छत्री हे चिन्ह मिळालं. पण मतदान पडलं ऐन हंगामात, आणि तिचे मतदार होते दूर सोलापूरच्या पलीकडे, उसाच्या फडात. मावशी अर्ध्या तिकिटात एसटीनं निघाली. कारखान्यांभोवतीच्या खोप्यांतून दहा दिवस पायी हिंडली. भाषण तिला येत नसे. बाया मोळ्या बांधत असायच्या, ही त्यांच्याबरोबर मोळ्या बांधायची आणि म्हणायची, "एक दिस या. एक दिसानं ऊस वाळत न्हाई." धोंडाबाईनं यायचं कबूल केलं नाही, तिचे गुडघे धरले होते. मनीषा म्हणाली, "मी येते मावशी. पैलं मत हाय माजं ह्या गावातलं."

बापूंच्या बाजूनं आपल्या मतदारांना आणायला ट्रॅव्हल्सच्या गाड्या गेल्या. मावशीच्या माणसांना मिळाला एक पिकअप, पेंडीची पोती वाहणारा. बावीस माणसं त्यात उभी राहून निघाली.

मतदानाच्या सकाळी मी शाळेच्या फाटकाबाहेर टेबल टाकून मतदारांना अनुक्रमांक शोधून देत होते. मावशी हद्दीच्या पांढऱ्या रेघेपलीकडे लिंबाखाली उभी होती. धुवट लुगडं नेसली होती. येणाऱ्या प्रत्येकाला नुसते हात जोडत होती. साडेनऊच्या सुमारास तिला फोन आला. चौसाळ्याच्या अलीकडे पिकअप उलटला होता.

तिनं फोन माझ्या हातात दिला. "म्याडम, तुमी ऐका. मला नीट कळंना."

मी ऐकलं आणि तिला सांगितलं. मनीषा जागेवरच गेली होती. ती दोन लेकरांची आई होती. बाकीच्यांना बीडला नेलं होतं.

मावशी खाली बसली नाही, की रडली नाही. लिंबाखालून निघाली आणि रस्त्यावर येऊन मिळेल त्या वाहनाला हात करत राहिली. मतदान केंद्र पन्नास पावलांवर होतं. तिनं स्वतःचं मत टाकलं नाही.

दुपारनंतर पिकअपमधली काही माणसं आली. कुणाचा हात गळ्यात बांधलेला, कुणाच्या कपाळाला पट्टी. तशीच रांगेला लागून त्यांनी मतं टाकली.

ती निवडून आली. मतमोजणीला तिच्या बाजूचं कोणीच गेलं नव्हतं. निकाल मीच तिला सांगितला, तेव्हा ती धोंडाबाईच्या बंद दारासमोर जमिनीवर बसली होती. आतून धोंडाबाईचा आवाज आला, "तिला म्हनावं जा. माजी सून तिच्या छत्रीपायी गेली. आता बस म्हनावं खुर्चीवर."

मावशी म्हणाली, "खरं बोलती ती." आणि उठून गेली.

त्यानंतर धोंडाबाई तिच्याशी एक शब्द बोलली नाही. गावात बोलणाऱ्यांनी मात्र तोंडाला कुलूप घातलं नाही. "केसरनं बाई मारून खुर्ची घेतली," हे पारावर तिला ऐकू जाईल असं म्हटलं जाई. एकदा मी चिडून उलट बोलायला गेले, तर तिनं माझा दंड धरला. "नगा म्याडम. ये म्हनून मीच सांगितलं तिला. गाडीत चढताना बी मीच फोनवर म्हनले, दाटीवाटीनं या पर या."

सदस्य बापूंचे होते, ते बैठकीला यायचे नाहीत. कोरम भरायचा नाही, ठराव व्हायचे नाहीत. पंचायतीच्या खोलीत ती एकटी बसून राहायची. वस्तीवरचा रस्ता झाला नाही, नळही आला नाही. मनीषाच्या लेकरांना शाळेत मी पाहत असे. मावशी त्यांच्यासाठी भुईमुगाच्या शेंगा आणायची आणि माझ्या हाती देऊन जायची. "माजं नाव सांगू नका," म्हणायची.

पुढच्या मोठ्या निवडणुकीत पुढारी तिच्याकडे आले. फडातली माणसं तुमचं ऐकतात, गाड्या आमच्या, तुम्ही फक्त चला म्हणाले. ती गेली. पण फडावर टेम्पो उभे दिसले, तेव्हा ती त्यांच्या पुढे जाऊन उभी राहिली. "बसायला जागा आसलेली गाडी आना. उभं करून माणसं न्ह्यायची आसतील तर मत बी नको, न् तुमी बी नको." टेम्पो रिकामे परतले. त्या वर्षी वस्तीचं मतदान जवळजवळ झालंच नाही. पुढाऱ्यांनी तिच्याशी संबंध तोडले, आणि वस्तीतल्याही काहींनी तोडले.

यादीचं काम मात्र तिनं सोडलं नाही. फक्त पूर्वीसारखी हसत नसे. नव्या सुनेचा फॉर्म भरताना मला म्हणायची, "लिव्हा म्याडम. मत द्यायचं का न्हाई, ते तिचं ती बघंल."

यंदा पाडव्यानंतर वस्ती माघारी आली, त्याच आठवड्यात ती गेली. छातीत कळ आली आणि दवाखान्यात न्यायलाही वेळ मिळाला नाही. मी पोचले तेव्हा अंगणात चुलीवर पाणी ठेवलं होतं. बाया आडोशाला लुगडं धरून उभ्या होत्या. आंघोळ कोणी घालायची यावर कुजबुज चालली होती, कारण तिला सख्खं असं कोणी नव्हतं.

तेवढ्यात धोंडाबाई आली. काठी टेकत, दुखऱ्या गुडघ्यांनी. कुणाकडे पाहिलं नाही. काठी भिंतीला लावली, लुगड्याचा पदर कमरेला खोचला आणि चुलीवरच्या पाण्यात हात बुडवून पाहिला.

"गार हाय," ती बायांवर खेकसली. "आजून तापवा. फडात पाटाच्या गार पाण्यानं आंग धुताना कसं हुडहुडायची ती, तुमाला काय ठाव."

बायांनी चुलीत आणखी पाचट सारलं. पाणी तापेपर्यंत धोंडाबाई मावशीच्या उशाशी बसून राहिली, आणि तिच्या केसांतला गुंता बोटांनी सोडवत राहिली.