बॅनरवर छापलेला विजेता

पंचेचाळिशीत मी महागडी सायकल घेतली आणि तिच्याबरोबर ज्ञानही आलं. युरोपातल्या तीन-तीन आठवडे चालणाऱ्या शर्यती मोबाइलवर बघायचो आणि रविवारी जेसल पार्कहून समुद्रकाठच्या उत्तनला जाताना ग्रुपला ऐकवायचो. कितीतरी थोर सायकलपटू! एकेका दिवसाची शर्यत मारायचे, पण सगळ्या दिवसांच्या वेळेची बेरीज केली की कायम दुसरे, तिसरे. "शेवटी हरलेलेच ते," असा माझा निकाल असायचा.

उत्तनला चहाच्या टपरीवर एकदा हेच चाललं होतं. बाकावरचे एक म्हातारे अंकल हसून म्हणाले, "मी बी त्यातलाच हाय."

तरुणपणी त्यांना एका कंपनीनं शर्यतींसाठीच पगारावर ठेवलं होतं. सात दिवसांच्या एका मोठ्या शर्यतीत त्यांच्याच टीमचा, त्यांच्याच गावचा दोस्त पहिला होता आणि हे जेमतेम काही सेकंदांनी दुसरे. सहाव्या दिवशी घाटात दोस्ताचं चाक पंक्चर झालं. सुटी चाकं असलेली टीमची गाडी मागे राहिली होती. अंकलनी आपलं पुढचं चाक काढून त्याला दिलं आणि स्वतः रस्त्याच्या कडेला उभे राहिले. दोस्त शर्यत जिंकला. अंकल पुढेही बरीच वर्षं शर्यती खेळले, पण तशी मोठी शर्यत त्यांना कधीच जिंकता आली नाही.

"वाईट नाही वाटलं?" मी विचारलं.

"वाटलं ना. पन चाक परत थोडंच मागणार?"

पुढे आमच्या सोसायटीनं सायकल रॅली ठेवली. प्रमुख पाहुणे म्हणून मी अंकलचं नाव सुचवलं. सेक्रेटरीनं विचारलं, "जीता क्या है इन्होंने?" जिंकले नाहीत असं सांगायची मला लाज वाटली. मी त्या मोठ्या शर्यतीचं नाव घेतलं आणि म्हणालो, "विनर आहेत." बॅनरचा मजकूर मीच लिहून प्रिंटिंगवाल्याला मेसेज केला.

अंकल कोट घालून आले. सोबत एक वयस्कर बाई होत्या. त्यांना दुसऱ्या रांगेत बसवून अंकल स्टेजवर आले, चष्मा लावून बॅनर वाचू लागले. वाचायला त्यांना फार वेळ लागला. मग त्यांनी माइक घेतला.

"यो बोर्ड चुकीचा हाय. ती रेस मी न्हाय जिंकली. जिंकला तो माझा दोस्त. तो गेला. त्याची बायको ती बसलीय."

सगळ्यांच्या माना वळल्या. त्या बाई मांडीवरच्या पर्सकडे बघत राहिल्या. मी घाईनं माइक घेतला आणि बोलून गेलो, "सॉरी, प्रिंटिंगवाल्यानं घोळ घातला." अंकलनी माझ्याकडे बघितलं.

पुढच्या रविवारी मी एकटाच पत्ता विचारत त्या बाईंच्या घरी गेलो. त्या ओट्यावर सुके बोंबील निवडत होत्या. त्यांनी बस म्हटलं नाही.

"तुला ठाव होतं, कोन जिंकला ते?"

"हो. अंकलनी सांगितलं होतं."

"मंग?"

त्यांनी एक बोंबील बाजूला टाकला.

"त्या रेसचा कप सहा महिने आमच्याकडं, सहा महिने तुझ्या अंकलकडं असायचा," त्या म्हणाल्या. "माझा नवराच नेऊन द्यायचा. त्या दोघांत कदी भांडन न्हाय झालं. पन मेलेल्या मानसाचं नाव पुसू नये."

मी माफी मागितली. त्यांनी मान हलवली. ती माफी दिल्याची होती की जा म्हणाल्याची, ते मला कळलं नाही.

इकडे सेक्रेटरीनं त्या प्रिंटिंगवाल्याला सोसायटीचं काम देणं बंद केलं. हे मला महिन्याभरानं कळलं. तेव्हा कुठे मी सेक्रेटरीला खरं सांगितलं. "छोड़ो ना, इतना क्या," म्हणून तो हसला. प्रिंटिंगवाल्याच्या दुकानात जाऊन मी त्याचीही माफी मागितली. तो म्हणाला, "साहेब, तुमचा मेसेज होता माझ्याकडे. पण तुम्ही सोसायटीतले. कुठे दाखवत बसू?"

ग्रुप अजून दर रविवारी उत्तनला जातो. मी वाटेतल्या राई गावापर्यंत जातो आणि गुडघा दुखतोय सांगून मागे फिरतो. परवा एकानं निरोप आणला, "अंकल विचारत होते, तो बोलका कुठाय?"

मी अजून गेलेलो नाही.