मातीच्या अंड्याचं गॅस्केट

लग्न होऊन मी सावेडीत आले तेव्हा त्या घरातल्या सगळ्या वस्तूंना हात लावायची मला मुभा होती, एक सोडून. मागच्या अंगणात, धुण्याच्या दगडाशेजारी, भाजक्या मातीचं एक भलंमोठं अंडं लोखंडी तिवईवर उभं होतं. माझ्या कमरेइतकं उंच, चांगलं जाडजूड, बाहेरून तपकिरी चकाकी दिलेलं. खाली राख काढायचं छोटं दार, वर बिजागरीवर उघडणारं अर्ध्या अंड्याचं झाकण, आणि झाकणाच्या डोक्यावर धूर जायला भोक.

हे अंडं सासऱ्यांचं. आमच्याकडे सासऱ्यांना मामा आणि सासूला आत्याबाई म्हणतात. मामा फौजेत मेसचे हवालदार होते. त्यांच्या एका साहेबांनी ते परदेशातून आणलं होतं. बदली झाली तेव्हा ट्रकमध्ये फुटेल म्हणून साहेब ते मामांना देऊन गेले. आत लाकडी कोळसा पेटवायचा, वर जाळी ठेवायची, झाकण लावायचं आणि दोन-तीन तास त्याच्याकडे बघत बसायचं, असा मामांचा रविवार असे. कोंबडी अशी शिजायची की हाडं नुसती धरली तरी सुटून यावीत.

आत्याबाईंना मात्र ते आवडत नसे. "तीन तास एका कोंबडीसाठी," त्या म्हणायच्या. "तेवढ्यात मी अख्ख्या वऱ्हाडाला जेवू घालीन."

चौदा एप्रिलची जयंती जवळ आली तशी घरात साफसफाई सुरू झाली. मी नवी सून, त्यात होमसायन्स शिकलेली. ट्यूबलाइटच्या पट्ट्यासुद्धा उतरवून पुसल्या. मामा बँकेत पेन्शनला गेले होते. पुसायला कसली मुभा लागते, म्हणून मी अंगणात गेले, झाकण उघडलं, आणि काठावरचं ते काळंकुट्ट, तेलकट, केसाळ जळमट बघून मला शिसारीच आली. एवढ्या स्वच्छ माणसाच्या चुलीवर एवढा मळ! मी उलथनं घेतलं. खालच्या आणि वरच्या, दोन्ही काठांवरून खरवडून सगळं काढलं, घंटागाडीत टाकलं, आणि चिंच लावून काठ लख्ख केले.

मामा आले, अंगणात गेले, झाकण उघडलं. मग हाक आली, "सूनबाई!"

मी पदर खोचूनच गेले, शाबासकी घ्यायला.

"हितं काठावर एक पट्टी हुती."

"मळ होता मामा. केवढा चिकटला होता!"

"मळ न्हाई. गॅस्केट हुतं ते."

ते रागावले नाहीत, हेच वाईट. झाकण लावून त्यांनी मला नुसतं दाखवलं. माती मातीवर टेकली की मध्ये फट राहते. फटीतून हवा आत शिरते, कोळसा भडकतो, आणि कोंबडी बाहेरून काळी नि आतून कच्ची होते. ती घोड्याच्या खोगिराखालच्या नमद्यासारखी मऊ पट्टी फट बुजवायची. जयंतीनंतरच्या रविवारी कर्जतहून त्यांचे थोरले भाऊ जेवायला यायचे होते. त्यांना कोंबडीचं आमंत्रण महिन्यापूर्वीच गेलं होतं.

मला रडू येऊ लागलं. मामा म्हणाले, "रडून फट बुजती का? चल, स्कूटरवर बस."

पहिल्यांदा आम्ही कुकर दुरुस्तीच्या दुकानात गेलो. भिंतीभर रबरी रिंगा टांगलेल्या.

"कुठली कंपनी?" दुकानदाराने विचारलं.

"कंपनी न्हाई. मातीचा हाय."

"किती लिटरचा?"

मामांनी दोन्ही हात पसरून आकार दाखवला. दुकानदाराने आमच्या दोघांकडे आळीपाळीने पाहिलं.

"शिट्टी कशी आहे?"

"शिट्टी न्हाई त्याला."

"मग शिजलं ते कळतं कसं?"

"मला कळतं," मामा म्हणाले, आणि आम्ही बाहेर पडलो.

रबर तसंही वितळलं असतं. स्टेशनरीच्या दुकानात नाटकाच्या मुकुटांना लावायचं जाड मऊ कापड मिळालं. मामांना ते बोटांना अगदी जुन्या पट्टीसारखं लागलं, त्यांचे डोळे चमकले. पण मला कॉलेजातलं प्रॅक्टिकल आठवलं. मी एक धागा ओढला, मामांच्या काडेपेटीतली काडी ओढली आणि धाग्याला लावली. तो आक्रसला, वितळला आणि त्याचा टणक काळा मणी झाला.

"नायलॉनचाच भाऊ आहे हा, मामा. कोंबडीवर ठिबकेल."

दुकानदार ओरडला, "बाई, इथं कागद आहेत सगळे!" आम्ही कापड तिथंच टाकून निघालो. जिना उतरताना मामांनी विचारलं, "हे तुला शाळेत शिकवलं?"

"कॉलेजात. सूत जाळलं तर कागदासारखा वास येतो आणि जळतच राहतं. लोकर जाळली तर केसांसारखा वास येतो, आणि काडी बाजूला केली की आपोआप विझते."

मामा थांबले. "विझती?"

"हो."

"मग लोकरच पायजे," ते म्हणाले. त्या दिवशी माझ्याशी ते पहिल्यांदाच बरोबरीच्या माणसासारखे बोलले.

संध्याकाळी माझे मिस्टर एमआयडीसीतून ड्यूटीवरून आले ते खिशात पांढरी दोरी घेऊन. बॉयलरच्या दाराला लावतात ती, अ‍ॅस्बेस्टॉसची. "हिला काही होत नाही," ते म्हणाले. "आग ओतली तरी." मी ती हातावर घासली. बारीक चमकदार कुसळं हाताला चिकटली. ही कुसळं छातीत जातात, असं मी कुठंतरी वाचलं होतं. मामांना दोरी पसंत पडली होती, पण आत्याबाईंनी लांबूनच निकाल दिला. "ताटात कुसळं पडणार असतील तर मी जेवणार नाही." दोरी दुसऱ्या दिवशी परत कंपनीत गेली.

मग आम्ही कापडबाजारात, एका बोळातल्या घोंगड्यांच्या दुकानात गेलो. दुकानदार म्हातारा, गादीवर मांडी घालून बसलेला. मामांनी एक काळी घोंगडी मांडीवर घेतली आणि मी तिच्या दशीची टोकं काडीने पेटवली. म्हातारा ताडकन उठला.

"अगं ए पोरी! येडी का खुळी?"

"परीक्षा घ्यायली ती," मामा शांतपणे म्हणाले. "बघा, विझली."

खरंच विझली. केस जळाल्याचा वास सुटला. पण त्याबरोबर काहीतरी आंबूस, खमंगसंही होतं. आम्ही कशासाठी आलो ते ऐकल्यावर म्हाताऱ्याचा राग ओसरला आणि तो पोट धरून हसला. मग त्याने समजावलं. नव्या घोंगडीला चिंचोक्याची खळ असते, ती करपते. शिवाय नवी घोंगडी आटते, म्हणजे आज बसवलेली पट्टी उद्या आखूड पडेल.

"जुनी घ्या. चार पावसाळे भिजल्याली, धुतल्याली. आणि ती इकत कुनी देत न्हाई. घरात आसंल बघा."

घरात होती. एकच. तिच्यावर आत्याबाई रोज दुपारी झोपायच्या.

आम्ही घरी परतलो. गेटपाशी स्कूटर लावून मामा म्हणाले, "तू इचार."

"मी? तुमची बायको आहे."

"म्हनूनच."

मी विचारलं. आत्याबाईंनी सुपारी कातरणं थांबवलं. "माझ्या आईनं दिलेली घोंगडी. तिला कात्री लावायची, आणि ती त्या भुताच्या ओठाला चिकटवायची?"

मी खरं ते सांगितलं. मळ समजून मीच खरवडून काढलं, मामांनी एक वाईट शब्द काढला नाही, आणि आता रविवारी थोरल्या भावापुढे त्यांची मान खाली जाईल. आत्याबाईंनी मागच्या दाराकडे पाहिलं. तिथून मामांच्या पायजम्याची एक कड दिसत होती. ते ऐकत उभे होते.

"काठाची पट्टी घे," त्या मोठ्याने म्हणाल्या, दारापर्यंत जाईल अशा आवाजात. "मधली नको. आणि पहिल्यांदा त्यात माझी वांगी भाजायची. कोंबडी नंतर."

"मंजूर!" दारामागून आवाज आला.

मी अंगठ्याएवढ्या रुंदीच्या पट्ट्या कापल्या. कडा उसवू नयेत म्हणून लोकरीच्याच धाग्याने काजाचा टाका घातला, त्यात दोन दुपारी गेल्या. चिकटवायचं कशाने, हा नवा प्रश्न. बाजारचा डिंक तापल्यावर सुटला असता. त्यावरही आत्याबाईंकडेच उपाय निघाला. त्यांच्या आईकडे कपाचा कान तुटला की अंड्याचा पांढरा बलक आणि चुना कालवून लावत. पानाच्या डब्यातला चुना त्यांनी स्वतः काढून दिला. मामा कालवत होते, मी लावत होते, आणि आत्याबाई पायरीवर बसून दोघांच्या चुका सांगत होत्या. जोड पुढे आला होता, तो त्यांनी बिजागरीमागे घ्यायला लावला. पट्टी जाड झाली म्हणून झाकण नीट टेकेना, तेव्हा त्यावर पाटा ठेवून दोन दिवस दाबून ठेवलं.

वांग्यांच्या दिवशी मामांनी पेटती उदबत्ती काठाभोवती फिरवली. तिचा धूर कुठंही आत ओढला जात नव्हता. मी एका बाजूने वाकून बघत होते, ते दुसऱ्या बाजूने. अंड्याच्या डोक्यावरच्या भोकातून मात्र एक सरळ, निवांत धूर निघत होता. "फिट!" ते ओरडले. इतक्या मोठ्याने की शेजारच्या बाई गच्चीवरून डोकावल्या.

वांगी अप्रतिम झाली, फक्त त्यांना मेंढीचा वास येत होता. भाकरी मोडता मोडता आत्याबाई म्हणाल्या, "भरीत आहे की मटण?" आणि माझे मिस्टर एवढे हसले की त्यांना ठसका लागला. मग मामांनी तीन दिवस अंडं रिकामंच पेटवून तो वास घालवायचा प्रयत्न केला. बराचसा गेला.

रविवारी थोरले चुलत सासरे आले. कोंबडी ताटात पडली. त्यांनी एक घास घेतला, डोळे मिटले, पुन्हा घेतला. मामा हातात पळी धरून तसेच उभे.

"कोंबडीला असा वास कसा रं?" ते म्हणाले. "लहानपनी रानात धनगराच्या तळावर जेवायचो, तसा. लई वर्सांनी आला."

त्यांनी तीनदा मागून घेतलं. मामा खाली बसले, स्वतःचं ताट ओढलं, आणि रस्सा वाढायला मी वाकले तेव्हा हळूच म्हणाले, "पुढच्या रविवारी कोळसा तू पेटव. शिकवतो."