अटी त्याच्या, अक्षरं माझी

रोह्याच्या ज्या छापखान्यात मी सहा वर्षं राबले, तिथल्या शेठला मी अजून माफ केलेलं नाही आणि करणारही नाही. ग्राफपेपरवर एकेक अक्षर काढून, मग ते कॉम्प्युटरवर चढवून मी मराठीचा अख्खा फॉन्ट तयार केला. जोडाक्षरांपायी माझी मान कायमची आखडली. शेठनं तो फॉन्ट स्वतःच्या नावानं वेबसाइटवर टाकला. अट अशी की फुकट उतरवून घ्या, वापरा, पण दुसऱ्या कुणाला वाटायचा नाही. अटींखाली हौसेनं स्वतःचा मोबाइल नंबर. माझ्या नावाचं विचारलं तर म्हणाला, "तू पगारी हायस गो. कामगाराचं नाव कोन टाकतो?"

मी काम सोडलं आणि पेणला रामवाडीत दुकान थाटलं. हमरापूरच्या गणपती कारखान्यांची लेबलं, पत्रकं करते. माझं सगळं काम लिनक्सवर, म्हणजे विंडोजऐवजी चालणाऱ्या फुकटच्या सिस्टिमवर. लिनक्सवाल्यांना एका फटक्यात मराठी फॉन्ट बसवता यावेत म्हणून मी त्यांची पॅकेजंही बनवते. एका पॅकेजात माझा फॉन्ट घातला, तर पंधरा दिवसांत शेठची वकिलाकडून नोटीस, की अट मोडून फॉन्ट वाटला. चोराच्या उलट्या बोंबा!

कायदा त्याच्या बाजूनं होता. ठीक, म्हटलं, आता कायद्यानंच वागू. पॅकेजातून फॉन्ट काढून टाकला. त्याऐवजी पॅकेज शेठच्या वेबसाइटवर जाऊन तिथून फॉन्ट आणायचं, म्हणजे वाटणारी मी नाही, शेठच; आणि आधी त्याच्या अटी शब्दन् शब्द दाखवायचं, नंबरासकट. नंबर मी जरा ठळक केला, हे कबूल करते.

मग नागपूरपासून बेळगावपर्यंतची माणसं त्याला फोन करू लागली. अनुस्वार सरकतोय, रफार दिसत नाही. लिनक्स खातात की पितात हे त्याला ठाऊक नव्हतं. छापखान्यातली माझी जुनी सोबतीण सांगायची, शेठ हल्ली जेवताना फोन पालथा ठेवतो. ते ऐकून मला दोन घास जास्त जायचे.

शेवटी त्याचा फोन आलाच.

"थांबव गो हे. घाल तुझ्या पॅकेजात फॉन्ट, माझी काय हरकत नाय."

"तसं लिहून द्या शेठ. आणि अक्षरं कोणी काढली तेही लिहा."

"ते नाय व्हनार."

"मग फोन घेत बसा."

चार दिवसांनी त्यानं वेबसाइटच बंद केली. आता पॅकेज तिथं जातं आणि हात हलवत परत येतं.

परवा हमरापूरचे एक कारखानदार आले. मुलीनं नवा कॉम्प्युटर घेतला होता. पेन ड्राइव्ह पुढे करून म्हणाले, "तुमच्या लेबलांवरची ती जाडी अक्षरं द्या, लांबून वाचता येतात ती." फॉन्ट समोरच्या मशीनवर होता.

"नाय देता येत. रोह्याच्या शेठची अट हाय," मी म्हटलं.

"शेठ कोन त्यात? तुम्हीच काढलीत ना?"

हेच शेठच्या तोंडून ऐकायचं होतं मला. मी हो म्हणून पेन ड्राइव्ह त्यांच्याकडे परत सरकवला, आणि तो खिशात घालून ते निघून गेले.

शेठला छळलं त्याचा मला जराही पश्चात्ताप नाही. पण माझी अक्षरं आता माझ्याशिवाय कुणालाच मिळत नाहीत.