साहेब ओरडले तेव्हा

"ओरडू नका! हे ऑफिस आहे, बाजार नाही!" महापालिकेच्या शिक्षण विभागाचे साहेब म्हणाले आणि त्यांनी फाइल मिटली.

नरसय्या माझ्या शेजारी उभा होता. आपलं काय चुकलं, हे त्याला कळलं नव्हतं. तो आत्ता जसा बोलला, तसाच घरीही बोलतो आणि चहाच्या टपरीवरही. भिवंडीत धामणकर नाक्याजवळच्या यंत्रमागाच्या शेडमध्ये तो लग्नाआधीपासून लूम चालवतो. त्या खडखडाटात शेजारच्या माणसाशी बोलायचं तर घसा ताणावाच लागतो. वर्षानुवर्षं तसं राहिलं की कान मंदावतात आणि आवाज कायमचा वर चढतो. अर्ध्या भिवंडीचा आवाज असाच आहे.

साहेबांनी रोजनाम्यात लिहिलं, 'पालकांनी गोंधळ घातल्याने सुनावणी बंद.' सुनावणीत जे घडलं त्याची अधिकृत नोंद म्हणजे रोजनामा. पुढे वरचा अधिकारी किंवा कोर्ट तोच वाचतं. म्हणजे कागदावर नरसय्या दंगेखोर ठरला, आणि त्याचं म्हणणं तर कोणी ऐकलंच नव्हतं.

म्हणणं साधं होतं. त्याची मुलगी लावण्या सहा वर्षांची. मोठा भाऊ ज्या तेलुगू शाळेत शिकला, तिथला पहिलीचा वर्ग या कार्यालयाने बंद केला. कारण दिलं, 'मागणी नाही.' मग लावण्याला दुसऱ्या शाळेत मराठी वर्गात बसवलं. घरात तेलुगू, गल्लीत तेलुगू. पहिल्याच आठवड्यात तिला वर्गात लघवीला लागली. बाईंना कसं सांगायचं ते तिला कळेना, आणि लघवी बाकावरच झाली. पोरं हसली. दुसऱ्या दिवसापासून तिने दाराची कडी धरून रडायला सुरुवात केली. ती शाळेत गेली नाही ती नाहीच.

मी भाषिक अल्पसंख्याकांच्या हक्कांचे खटले लढवते. ज्या राज्यात राहतो तिथली मुख्य भाषा ज्यांची मातृभाषा नाही, ते भाषिक अल्पसंख्याक. घटनेचं कलम ३५०-अ त्यांच्या मुलांसाठी आहे. प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावं यासाठी पुरेशा सोयी करण्याचा प्रयत्न राज्याने आणि स्थानिक संस्थांनी करायचा, असं ते सांगतं.

मी इथल्याच वडपे गावची, आगरी घरातली मुलगी. त्या संध्याकाळी काका ओट्यावर बसले होते. त्यांच्या भातशेतीवर आता गोडाऊन उभं आहे.

"काय गो बाय, तेलुगूवाल्यांची वकिली करतंस? आपली मराठी तुला दिसत न्हाय काय?"

"काका, बाहेरच्या राज्यात मराठी शाळा बंद केली तर तुम्ही काय कराल?"

"मोर्चा काढू! सोडतो काय!"

"त्या मोर्चात जे कलम हातात धराल ना, तेच मी इथं धरलंय."

काकांनी हात झटकला. मग म्हणाले, "वकिलाशी बोलाचंच न्हाय."

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा साहेबांसमोर होते.

"मॅडम, कलमात फक्त 'प्रयत्न' लिहिलंय. सक्ती नाही."

"मग प्रयत्न दाखवा. काय केलंत?"

"पालकसभा घेतली. एकही पालक आला नाही. मागणीच नाही तर वर्ग कोणासाठी चालवू?"

"सभा कधी घेतलीत?"

"बुधवारी. सकाळी अकरा वाजता."

बुधवारी अकरा वाजता माणसं लूमवर असतात. लूम सोडून आलं तर त्या दिवसाची मजुरी जाते. मी स्थळपाहणीचा अर्ज पुढे सरकवला. स्थळपाहणी म्हणजे अधिकाऱ्याने खुर्चीतून उठून जागेवर जायचं आणि स्वतः बघायचं. अर्जाची एक प्रत मी त्यांच्या वरिष्ठांना आधीच देऊन पोच-शिक्का घेतला होता. साहेबांनी तो शिक्का पाहिला आणि सुस्कारा सोडला.

"ठीक आहे. शुक्रवारी येतो."

"शुक्रवारच का?"

"शुक्रवारी लूम बंद असतात ना. शांतता असते. नीट बोलता येईल."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे यांना माहीत होतं! स्वतःच्या कानांची काळजी होती तेव्हा शुक्रवार बरोबर आठवला. पालकांना बोलवायचं होतं तेव्हा आठवला नाही. हे अज्ञान नव्हतं. माणसं येणार नाहीत अशा वेळी दार उघडायचं आणि मग कोणी आलंच नाही म्हणून ते लावून घ्यायचं, असा तो हिशेब होता.

"साहेब, मंगळवारी या," मी म्हटलं. "बुधवारसारखाच लूमचा दिवस आहे तो."

मंगळवारी साहेब रिक्षातून उतरले. सोबत कारकून होता, रोजनामा घेऊन. शेडच्या दारातच त्यांनी कानावर हात ठेवला. आत पाऊल टाकताच त्यांचे शब्द खडखडाटात बुडाले. ओठ हलताना दिसत होते, एवढंच.

"मुलं किती आहेत?" ते नरसय्याला विचारत होते.

नरसय्याने कानामागे हात नेला.

"पहिलीची मुलं! किती आहेत?"

"क्या साब?"

"मुलं! बच्चे! बच्चे कितने हैं!" साहेब आता किंचाळत होते. मानेच्या शिरा ताठ झाल्या होत्या, चष्मा नाकावर घसरला होता.

पलीकडच्या लूमवरून नरसय्याची बायको लक्ष्मी पुढे आली. तीही याच शेडमध्ये कामाला. ती साहेबांच्या अगदी कानाशी गेली आणि आपल्या नेहमीच्या आवाजात म्हणाली, "साब, चिल्लाओ मत ना! ये कारखाना है, बाजार नहीं!"

पाच-सहा लूमवरची माणसं हसली. कारकुनाने मान खाली घातली.

मी कारकुनाजवळ जाऊन ओरडले, "लिहा! अधिकाऱ्यांनी गोंधळ घातल्याने स्थळपाहणी बंद!"

कारकुनाने साहेबांकडे पाहिलं. मग त्यांनी हाताने बाहेर चला अशी खूण केली. शेडबाहेरच्या पायरीवर बसून त्यांनी पाणी मागितलं. लक्ष्मीने दिलं. तिथेच, लूम आळीपाळीने शेजाऱ्यावर सोपवून, आईबाप एकेक करून बाहेर आले. प्रत्येकाने आपल्या मुलाचं नाव सांगितलं. मोठ्या आवाजात. साहेबांनी एकदाही कोणाला गप्प केलं नाही.

वर्ग पुन्हा सुरू झाला. आदेशात चूक कुठेच कबूल केलेली नाही. 'कार्यालयाने केलेल्या प्रयत्नांमुळे' असं त्यात लिहिलंय. शिक्षिका मिळाली तीही तात्पुरती. पुढच्या वर्षी ती राहील की नाही, याचं उत्तर अजून कोणी देत नाही. नरसय्याच्या नावापुढचा 'गोंधळ' खोडायलाही मला वेगळा अर्ज करावा लागला.

कलम ३५०-अ म्हणजे नेमकं काय, असं मला सभांमधून विचारतात. मी लावण्याचा नव्या वर्गातला पहिला दिवस सांगते. तिने हात वर केला आणि तेलुगूत विचारलं, "बाई, बाहेर जाऊ?" बाई म्हणाल्या, "जा."

एवढंच आहे ते कलम. एवढ्यासाठी एका अधिकाऱ्याला घसा बसेपर्यंत ओरडायला लावावं लागलं.