वहीतला एक कोरा रकाना

दत्ता गेल्याचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात त्याच्याच खुर्चीत बसलो होतो. गावी, कुडपणला नाचणी लावताना छातीत कळ आली, पोलादपूरला आणेपर्यंत सगळं संपलं होतं. शोकसभेत आमचे साहेब त्याला 'कंपनीचा राखणदार' म्हणाले. याच तोंडाने त्यांनी गेल्या वर्षी त्याला निष्काळजी ठरवून घरी बसवलं होतं... पण साहेबांवर चिडायचा मला हक्क नाही.

महाडातली आमची लहानशी कंपनी दवाखान्यांसाठी रुग्णांचे रिपोर्ट सांभाळते. क्लाउडवरच्या आमच्या खासगी नेटवर्कमध्ये बाहेरून शिरणाऱ्याला कुणीही अडवेल. दत्ता आतून बाहेर जाणाऱ्या प्रोग्रामलाही अडवायचा. ठरवून दिलेले इंटरनेटवरचे पत्ते सोडून कुठल्याच प्रोग्रामला बाहेर संपर्क करता यायचा नाही. मी वैतागायचो. तो म्हणायचा, "चोर आत कसा शिरला ते सगळे इचारतात रे. माल घेऊन भायेर कुठनं गेला, ते कोन इचारत नाय." प्रत्येक पत्ता तो लाल पुठ्ठ्याच्या वहीत लिहायचा: मागितला कुणी, कशासाठी, कधीपर्यंत. मी त्याला 'तलाठी' म्हणून चिडवायचो, तो नुसता हसायचा.

गणपतीला तो गावी गेला. त्याच्या घरी फोनला रेंज नाही. नेमकं एका प्रोग्रामचं अपडेट अडलं. कुठला पत्ता लागतो ते शोधायचा कंटाळा करून मी बाहेरच्या सगळ्याच वाटा खुल्या केल्या. गौरीगणपती बोळवून तो परतला, कॉम्प्युटरवरची नोंद बघून ती वहीत उतरवली आणि म्हणाला, "प्रमोद, बंद कधी करू?" मी त्याचा वरिष्ठ. म्हणालो, "चाललंय ना सुरळीत? हात लावू नको, मी सांगतो." त्याने नंतर दोनदा विचारलं. मी सांगितलंच नाही.

दिवाळीच्या तोंडावर आत घुसलेल्या एका चोरट्या प्रोग्रामने त्याच वाटेने रुग्णांचे रिपोर्ट बाहेर नेले. चौकशीत साहेबांनी विचारलं, "वाट कुणी उघडली?" दत्ताने माझ्याकडे एकदा पाहिलं. मी पाण्याचा ग्लास उचलला. "वाटा उघडायचे-बंद करायचे नियम माझ्याकडं होते," एवढंच तो म्हणाला. वही मागितली, तर हरवली म्हणाला. वही हरवणारा माणूस होता का तो? मला मात्र सुटल्यासारखं वाटलं. आज हे लिहिताना स्वतःची किळस येते.

तेराव्याला कुडपणला गेलो, तर वहिनींनी तीच वही माझ्या हातात ठेवली. "तुमचं नाव हाय म्हणं यात. मी बोलले, दाखवा की सायबाला. तर म्हनाले, त्याची पोरं शिकतायत, ऱ्हाऊ दे." मग म्हणाल्या, "आमची पण शिकतायत, भावजी."

उद्या ही वही साहेबांच्या टेबलावर ठेवणार आहे. दत्ताला आता त्याचा काही उपयोग नाही, हे मला कळतं. शेवटची नोंद त्याच्या टपोऱ्या अक्षरात आहे. बाहेर सर्व खुलं. मागणारा: प्रमोद. कारण: अपडेट. पुढे मुदतीचा रकाना. सगळ्या वहीत तेवढा एकच कोरा आहे. मी सांगतो म्हणालो होतो ना, म्हणून.